डिपरवरची सोयरीक

माझं लग्न डिपरने जमवलं आणि झेनॉनने मोडत आणलं होतं. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे नेमकं काय झालं. म्हणून एकदाचं नीट सांगून टाकते.

आमची फुलशेती. चांदूर बाजारजवळ काळी जमीन, तीत झेंडू, शेवंती आणि थोडा निशिगंध. बाबा रोज पहाटे अंधारातच पिकअप भरून अमरावतीच्या फूलबाजारात जायचे, कारण ऊन वर आलं की फुलाला कोणी विचारत नाही. मी तेव्हा अमरावतीला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते. अभ्यासिकेत पंख्याखालची जागा जो पहिला येईल त्याची, म्हणून मीही बाबांच्या शेजारी बसून पहाटेच निघायची. माझ्या पुस्तकांना शेवंतीचा वास यायचा. शेजारी बसणारी मुलगी दर सोमवारी विचारायची, आज घरी पूजा होती का.

त्या रस्त्यावर पहाटे चालणाऱ्या गाड्यांचा एक रिवाज आहे. समोरून ओळखीची गाडी आली की डिपर द्यायचा, म्हणजे हेडलाइट क्षणभर वर करून खाली घ्यायचा. हा रामराम. समोरच्यानेही तसाच दिला की रामराम पोचला. हे लोक एकमेकांची तोंडं ओळखत नाहीत, लाइट ओळखतात. दुधाची गाडी एका डोळ्याने अधू होती. पेपरवाल्या जीपचे दोन्ही दिवे आकाशाकडे पाहत. बाबांचा डिपर ठरलेला होता, दोन छोटे आणि एक लांब. त्याला अगदी तसाच जवाब देणारी एक जुनी मेटॅडोर होती. ती अमरावतीच्या बाजूच्या एका खेड्यातून भाजी घेऊन चांदूर बाजारला यायची. तिच्या ड्रायव्हरला बाबांनी कधी पाहिलेलं नव्हतं, पण एखाद्या पहाटे ती दिसली नाही की ते अमरावती येईपर्यंत समोरचा प्रत्येक लाइट निरखायचे. घरी आल्यावर आईला सांगायचे, आज आपला माणूस दिसला नाही.

मग एकदा ती मेटॅडोर फाट्यावर पंक्चर होऊन उभी होती. बाबा थांबले. आत बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "तुमीच काय जी ते दोन-एकवाले?" एवढ्यावर दोघं टपरीत शिरले. पहिला चहा संपेपर्यंत ते एकाच समाजाचे निघाले, दुसरा संपेपर्यंत आडनावं वेगळी आहेत याची खात्री झाली, आणि मी पिकअपच्या हौद्यात चढून शेवंतीवर पाणी शिंपडत होते तेवढ्यात खाली माझ्या लग्नाचा विषय निघालाही होता.

त्यांचा मुलगा अकोल्याला बियाण्यांच्या एका कंपनीत होता. पाहायला आला तेव्हा त्याने विचारलं, तुम्हाला गाडी चालवता येते का. त्याच्या आधी आलेल्या सगळ्यांनी पुरणपोळीचं विचारलं होतं. मी म्हटलं, येते, भरलेली पिकअप गल्लीतून रिव्हर्स काढते. तो मनापासून हसला. मला तो आवडला. चांगलाच आवडला, हे सांगायला आता काय लाजायचं. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख निघाली आणि मी रोज संध्याकाळी मोबाइलला रेंज मिळत नाही म्हणून गच्चीवर जाऊ लागले. आमच्या गावात रेंज सगळीकडे उत्तम आहे.

साक्षगंधाचं आमंत्रण द्यायला बाबा अकोल्याला माझ्या मामाकडे गेले. मामाचं गाड्यांच्या सामानाचं दुकान. सीटकव्हर, हॉर्न, आरशाला लटकवायच्या माळा, आणि लाइट. त्या दुकानात शिरलेला माणूस आला तसा परत जात नाही. दिवेलागणीला बाबांची गाडी अंगणात वळली तेव्हा आई तुळशीपाशी होती. तिने डोळ्यांवर पदर घेतला आणि म्हणाली, "कोन आलं बाई, कलेक्टर?"

कलेक्टर नव्हते, बाबा होते. मामाने गाडीचे हॅलोजन काढून झेनॉन बसवून दिले होते. उजेड पांढरा, थोडा निळसर, आणि एवढा की भिंतीवरची पाल स्वतःची सावली पाहून पळाली. बॉनेटखाली दोन डब्या लावल्या होत्या आणि त्यांतून बल्बला करंट जायचा. आईने विचारलं, "याची काय गरज होती?" बाबा म्हणाले, हिवाळ्यात धुकं असते. आई म्हणाली, आता तर हिवाळा सरत आला. बाबा म्हणाले, चोर असतात. आई म्हणाली, झेंडूचे? शेवटी बाबा म्हणाले, तुह्या भावानं आग्रह केला. भावावर गेल्यावर आईने तो विषय सोडला, पण पुढचे कित्येक दिवस ती अंगणात यायच्या आधी विचारायची, "बंद केला काय तो सूर्य?"

गावावर मात्र त्या लाइटचा तात्काळ परिणाम झाला. आमचं गाव कागदोपत्री हागणदारीमुक्त होतं, तसा फलक वेशीवर होता. तरी पहाटे त्या फलकाच्या आसपास काही जुनी मंडळी डबा घेऊन बसलेली असायची. हॅलोजनच्या काळात गाडी आली की ते नुसते तोंड फिरवायचे. झेनॉन आला आणि सगळे एकदम उठून उभे राहिले. त्यांत एक माजी सरपंचही होते. बाबांनी सवयीने त्यांना हात केला. आठवडाभरात ती जागा रिकामी झाली आणि फलकावरचं लिहिलेलं खरं झालं.

आता त्या लाइटमधली गोम. हॅलोजनमध्ये डिपर दिला की दुसरी तार पेटते आणि उजेड स्पष्ट उडी मारतो. मामाच्या झेनॉनमध्ये खटका दाबला की एक लोहचुंबक बल्बलाच थोडं पुढे-मागे सरकवायचं. आतून 'टक' असा आवाज यायचा आणि बाबांना वाटायचं, गेला डिपर. पण दिव्याचा आरसा जुन्या बल्बसाठी घडवलेला. त्यात झेनॉन बसल्यावर उजेड खाली-वर, झाडांवर, समोरच्याच्या तोंडावर, सगळीकडे सारखाच सांडायचा. बल्ब पुढे सरकला काय आणि मागे सरकला काय, समोरच्याला फक्त एक पांढरं भगभगीत काहीतरी अंगावर येताना दिसायचं. हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता, कारण आम्ही त्या उजेडाच्या मागच्या बाजूला बसलेलो असायचो.

पहिल्या पहाटे बाबांनी मेटॅडोरला दोन छोटे आणि एक लांब दिला. टक टक, टऽक. जवाब आला नाही. बाबा म्हणाले, ओळखलं नसन. दुसऱ्या पहाटे तेच. तिसऱ्या पहाटे मेटॅडोर आमच्या अगदी शेजारून गेली आणि तिने मोठा हॉर्न मारला. बाबांचा चेहरा उतरला. "पोराचा बाप झाला ना आता," ते म्हणाले. "पोरीच्या बापाले काहून जवाब देईन?"

तिकडची बाजू मला गच्चीवर कळली. मुलगा सांगत होता की त्याचे वडील पहिले दोन दिवस समजत होते, कोणी पैसेवाला नवी गाडी घेऊन जातो आहे. तिसऱ्या दिवशी ती गाडी शेजारून गेली आणि मागून झेंडूचा आणि शेवंतीचा वास आला. तेव्हा त्यांना कळलं की ही आमची पिकअप. "ते घरी येऊन म्हणाले, त्या घरच्या माणसाले मस्ती आली. डिपर तं देत नाई, उलटा डोयावर फोकस मारते."

आम्ही दोघांनी आपापल्या घरी समजावलं. दोन्ही घरी एकच उत्तर मिळालं: तू मधात पडू नको. मग मध्यस्थी करणाऱ्या मुलाच्या आत्याकडून निरोप आला की साक्षगंध जरा पुढे ढकलू, दिवाळीनंतर पाहू. आमच्याकडे 'दिवाळीनंतर पाहू' याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. आई स्वयंपाकघरात भांडी जोरात ठेवू लागली. बाबा म्हणाले, ते काय ढकलतात, मीच नाही म्हणतो. आणि मी, जिने आयुष्यात परीक्षेच्या निकालालाही कधी रडून दाखवलं नव्हतं, गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीला टेकून रडले. दोन म्हाताऱ्यांच्या रामरामावरून माझा हातचा मुलगा चालला होता.

रडून झाल्यावर मी कामाला लागले. गुच्छांना गुंडाळायला आमच्याकडे रंगीत जिलेटीन कागद असतो. पिवळा चिकटवला तर उजेड हॅलोजनसारखा दिसेल, असं माझं डोकं. पिवळा संपलेला होता. गुलाबी होता. मी संध्याकाळी दोन्ही दिव्यांवर गुलाबी कागद चिकटवून टाकला. पहाटे बाबांनी लाइट लावला आणि समोरचा गोठा, गोठ्यातली म्हैस, सगळं गुलाबी झालं. वेशीपर्यंत गेलो तर मारुतीच्या पारावरून एकाने विचारलं, "वरात कोनाची जी?" बाबांनी गाडी थांबवली, उतरले, कागद काढला, घडी घालून माझ्या मांडीवर ठेवला आणि गाडी पुढे काढली.

दुसऱ्या दिवशी मी सरळ विचारलं, "बाबा, तुमाले लाइट पायजे की माहं लग्न?"

"दोनी," बाबा म्हणाले. यापुढे काही सांगायला ते तयार नव्हते. मला राग आला. इतकी वर्षं मऊ वाटलेला हा माणूस एका बल्बसाठी एवढा अडून बसेल, हे मला पटतच नव्हतं.

तिकडे मुलाने आपल्या परीने उपाय केला. गच्चीवर फोन आला, "मी बाबांना गॉगल पाठवला आहे."

"पहाटेच्या अंधारात गॉगल?"

"अंधारात कोण पाहतंय," तो म्हणाला. मला त्याचं हसू आलं आणि थोडी काळजीही वाटली.

काळजी खरी ठरली. दोन-तीन दिवसांनी आम्ही निघालो, तर वळणावर समोरून मेटॅडोर आली, आली, आणि वळायचं सोडून सरळ तुरीच्या शेतात उतरली. बाबांनी गाडी कडेला घेतली. भांडण आपल्या जागी, पण त्या रस्त्यावर कोणाची गाडी शेतात गेली तर थांबायचं हा रिवाज डिपरच्याही वरचा. मी बाबांच्या मागे धावले. मेटॅडोरची पुढची चाकं मऊ मातीत रुतली होती, वांग्यांचे कॅरेट कलंडले होते, आणि माझे होऊ घातलेले सासरे, डोळ्यांवर काळाकुट्ट गॉगल लावून, तुरीत सरळ उभे होते. कुठे खरचटलंही नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

बाबा त्यांच्याकडे पाहतच राहिले. आमच्याकडे वयस्क माणसाने काळा चष्मा लावला म्हणजे मोतीबिंदू. बाबा रुसवा विसरले. "डोयाचं ऑपरेशन झालं काय जी? मंग गाडी काहून चालवता?"

"ऑपरेशन नाई झालं," ते म्हणाले. "हा तुमच्यासाठी हाये."

"माह्यासाठी?"

"तुमच्या लाइटसाठी. भाऊ, रामराम नसन द्याचा तं नका देऊ. पन डोये काहून फोडता?"

"मी रामराम देत नाई?" बाबांचा आवाज चढला. "मी रोज डिपर देतो. दोन लहान, एक लंबा. तुमीच जवाब बंद केला."

"केवा देता?"

"रोज देतो. आता देला."

"भाऊ, खोटं नोका बोलू. मी तुमच्या गाडीत डिपर पायला नाई, तुमी नवे लाइट लावले तवापासून."

दोघंही खोटं बोलणारे नव्हते, आणि दोघांनाही समोरचा खोटं बोलतो आहे याची खात्री होती. मग सासऱ्यांनी तोडगा काढला. त्यांनी मला सांगितलं, "पोरी, तू बस गाडीत. आन तुमी भाऊ, चला, उभे राहा समोर."

मी पिकअपमध्ये बसले. बाबा रस्त्याच्या कडेने पुढे चालत गेले आणि माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. मी लाइट लावला. बाबांनी एकदम हात डोळ्यांपुढे धरला.

"दे," बाबा ओरडले.

मी खटका दाबला. टक टक, टऽक.

"दे ना," बाबा ओरडले.

"देला बाबा."

"कोठी देला? दे."

"देऊन राह्यली ना. हा घ्या. हा दुसरा."

"लंबा दे."

"लंबाच हाये."

बाबा एक पाऊल डावीकडे सरकले, एक उजवीकडे, मान वाकडी करून पाहिली, डोळे मिटून उघडले. मी खटका दाबत होते आणि तुरीतून सासरे शांतपणे मोजत होते, "हा लहान. हा लहान. हा लंबा. दिसला काय भाऊ?" त्यांना खटक्याचा आवाज ऐकू येत होता. थोड्या वेळाने त्यांनी पुढे होऊन आपला गॉगल काढला आणि बाबांच्या डोळ्यांवर लावला. "आता पाहा."

गॉगलमधूनही काही दिसलं नाही. मी लाइट बंद केला. बाबा परत यायला निघाले, पण त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. ते आमची गाडी समजून मेटॅडोरच्या दारापाशी गेले आणि तिथे मला हाक मारू लागले.

"तुमाले इतका काय अंधार पडला होता भाऊ?" सासरे म्हणाले. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता. "जुन्या लाइटमंदी काय कमी होतं?"

बाबा मेटॅडोरला टेकून उभे राहिले. त्यांनी गॉगल काढला, पुसला, आणि हातात तसाच धरून ठेवला.

"मी एकटा होतो तं मले लय होतं," ते म्हणाले. "मंग हे पोरगी संग याले लागली. एका पहाटी रोही आडवा आला. मी ब्रेक दाबला, तं हिचं डोकसं समोरच्या पत्र्यावर आदयलं. एवढं टेंगूळ आलं. हे हासे. तवापासून हे शेजारी बसली की मले रस्ता पुरत नाई. वाटते, अजून थोडं पुढचं दिसाले पायजे. हिच्या मायले सांगतलं असतं तं तिनं येनंच बंद केलं असतं, अभ्यास बुडाला असता. म्हनून कोनाले सांगतलं नाई."

नीलगायीला आमच्याकडे रोही म्हणतात. तो आडवा आल्याचं मी विसरूनही गेले होते. टेंगूळ अभ्यासिकेत जाईपर्यंत उतरलं होतं. मी खाली बसून वांगी वेचू लागले, कारण मला त्या दोघांसमोर रडायचं नव्हतं. इतके दिवस मी ज्या लाइटला शिव्या देत होते, तो माझ्यासाठी होता.

सासऱ्यांनी बाबांच्या हातातून गॉगल घेतला आणि खिशात ठेवला.

"मले पोरगी नाई," ते म्हणाले. "असती तं मी ट्रकाचे लाइट लावले असते." आणि मग कमरेला हात लावून रुतलेल्या चाकांकडे पाहत म्हणाले, "चला इवाई, दोर काढा. वांगे बाजारात पोचाले पायजेत."

इवाई म्हणजे व्याही. तोवर ते एकमेकांना भाऊ म्हणत होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, पळत जाऊन दोर आणला. मी पिकअप रिव्हर्स घेतली, दोर बांधला गेला, आणि पहिल्याच झटक्यात मेटॅडोर तुरीतून बाहेर आली. त्या दिवशी पंख्याखालची जागा मला मिळाली नाही आणि आमची शेवंती बाजारात सगळ्यांच्या शेवटी उतरली. साक्षगंध ठरल्या दिवशीच झालं. मामा अकोल्याहून आला आणि विचारू लागला, लाइट कसा चालतो आहे. आईने त्याच्या तोंडात पेढा कोंबला.

बाबांनी झेनॉन मेटॅडोर तुरीतून काढली त्याच दुपारी उतरवून टाकला होता. दुसऱ्या पहाटे जुन्या पिवळ्या उजेडात निघालो तेव्हा मी विचारलं, "बाबा, दिसते काय?"

"तू हाये ना," ते म्हणाले. "तू पाह्य समोर." लग्न होईपर्यंत मी रोज डोळे फाडून रस्ता पाहत गेले. रोही एकदाही आला नाही.

आता हे अकोल्याला असतात, शनिवारी येतात. मला अमरावतीला नोकरी लागली, म्हणून मी सासरीच असते, मामाजींसोबत. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. ते पहाटे मेटॅडोर भरतात तेव्हा मी चहा ठेवते. बाबा आता एकटेच येतात त्या रस्त्याने, शेजारची सीट रिकामी. निघताना मामाजी दारात थांबून रोज विचारतात, "तुया बापाले काई सांगाचं हाये काय?"

मी म्हणते, सांगा, हळू चालवा म्हणावं.

ते मान हलवतात आणि जातात. दोन लहान आणि एक लांब एवढ्यात ते हे कसं सांगतात, मला माहीत नाही. पण उजाडता उजाडता फूलबाजारातून फोन येतो, मागे लिलावाचा गोंगाट असतो.

"सांगतलं तुया सासऱ्यानं," बाबा म्हणतात. "हळूच आलो."